कंबरदुखी : समज, गैरसमज आणि उपाय



या व्यासपीठावरून दर वसंतात इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान असे भारदस्त विषय मांडले जातात. त्यांच्या पंक्तीला कंबरदुखीसारख्या घरगुती विषयाचा पाट मांडून चालकांनी धाडसच केले आहे. परंतु समोरची गर्दी पाहता या विषयाचे सगेसोयरे गावात पुष्कळ असावेत असे दिसते. आरंभीच एक विनंती करतो. ज्यांना तासभर एका जागी बसवणार नाही त्यांनी खुशाल उठावे, मागे जाऊन उभे राहावे, दोन येरझारा घालाव्यात. आम्ही तो व्याख्यात्याचा अवमान समजणार नाही. आज जे सांगावयाचे आहे त्यातला पहिला धडा त्यांनी आमच्या आधीच गिरवला, असे समजू.

२०२० साली जगातील ६१ कोटी ९० लाख माणसांना कंबरदुखी होती, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींच्या वर जाईल असे ते म्हणतात. माणसाला जिवंतपणी कामातून उठवणाऱ्या साऱ्या विकारांत या दुखण्याचा क्रमांक पहिला लागतो. आणि गंमत अशी की, शंभर रुग्ण तपासले तर त्यांतील सुमारे नव्वदांच्या कमरेत कोणताही निश्चित रोग सापडत नाही. जे दुखणे बहुधा घातक नसते, ते इतक्या माणसांना निकामी का करते? आजच्या व्याख्यानाचा हाच गाभा आहे. आमचे उत्तर थोडक्यात असे : कंबर दुखते ती खरोखरच दुखते, त्यात ढोंग नाही; परंतु माणसाला अंथरुणाला खिळवते ती पुष्कळदा त्या दुखण्याविषयीची भीती, आणि भीतीपोटी घेतलेली विश्रांती.

प्रथम अपवाद सांगून टाकतो, कारण त्यांत चालढकल महागात पडते. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, घोड्यावर बसताना खोगिराला जो भाग टेकतो तेथे बधिरपणा आला, किंवा पायांतील शक्ती उतरत चालली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री मोठे रुग्णालय गाठावे. येथे हिशेब तासांचा असतो. ताप येत असेल, कारणावाचून वजन घटत असेल, पूर्वी कर्करोग होऊन गेला असेल, किंवा कोणत्याही कुशीवर न थांबणारे दुखणे रात्रीची झोप मोडत असेल, तर डॉक्टरांना लवकर दाखवावे. आपल्या देशातून क्षयरोग अजून गेलेला नाही, आणि तो मणक्यातही घर करतो. लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ साली ज्याचे वर्णन केले तो हाच विकार. औषधांनी तो बरा होतो, पण वेळेवर ओळखला पाहिजे. उतारवयातील बाई नुसती घसरून बसली, किंवा कोणी दीर्घकाळ स्टेरॉइड घेत असला, तर मणका दबून मोडलेला असू शकतो. तसेच, चाळिशीच्या आतल्या तरुणाची कंबर सकाळी ताठत असेल, हिंडण्याफिरण्याने सैल होत असेल आणि हे तीन महिने चालले असेल, तर तो अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस नावाचा सांध्यांचा विकार असण्याचा संभव आहे. त्यावर स्वतंत्र औषधे आहेत. मोठ्या अपघातानंतरच्या कंबरदुखीबद्दल तर सांगावयासच नको. ही यादी घरी जाऊन कागदावर लिहून ठेवावी. यांपैकी काहीही नसेल, तर पुढचे सारे व्याख्यान आपल्यासाठी आहे.

आता कमरेची रचना पाहू. कमरेत पाच मणके. दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती. तिला आपण गादी म्हणतो. चकतीच्या बाहेरच्या अंगाला चिवट तंतूंची वेटोळी आणि आत मऊ गर असतो. मागच्या बाजूस लहान सांधे, त्यांना आवळून धरणारे बंध, आणि सभोवार जाडजूड स्नायू. ही रचना काचेच्या बांगडीसारखी नाही. पन्नास किलोचे सिमेंटचे पोते पाठीवर घेणारा हमाल आणि भाताच्या लावणीला दिवसभर ओणवी असणारी बाई ज्या कण्याच्या भरवशावर काम करतात, तो हाच कणा.

‘गादी सरकली’ असे आपण सहज बोलून जातो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ओल्या साबणाच्या वडीसारखी काहीतरी निसटल्याचे चित्र उभे राहते. वास्तविक चकती वरच्या व खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. ती निसटत नाही. कधी तिची बाहेरची वेटोळी फुगतात, कधी चिरतात आणि आतला गर बाहेर डोकावतो. तो मज्जातंतूच्या मुळाशी आला, तर कळ ढुंगणातून पोटरीपर्यंत किंवा पावलापर्यंत उतरते. आयुर्वेदाने या दुखण्याला गृध्रसी म्हटले. गृध्र म्हणजे गिधाड. रोग्याची चाल गिधाडासारखी होते म्हणून हे नाव. दुसरा शब्द ‘गॅप’. ‘मणक्यात गॅप पडली आहे’ हे वाक्य हल्ली घरोघर ऐकू येते. ऐकणाऱ्याला वाटते, मणके एकमेकांपासून दूर जाऊन मध्ये खिंड पडली. प्रत्यक्षात उलटे असते. चकतीतील पाणी वयाबरोबर कमी होते, तिची उंची थोडी घटते, आणि मणक्यांमधले अंतर कमी होते. खिंड कोठेही पडलेली नसते.

येथे कोणी म्हणेल, ‘अहो, पण एम.आर.आय.च्या फिल्मवर स्पष्ट दिसते आहे!’ दिसते, हे खरे. परंतु ज्यांची कंबर मुळीच दुखत नाही त्यांच्या फिल्मवर काय दिसते, हेही विचारावयास नको काय? १९९४ साली अमेरिकेत अशी ९८ माणसे तपासली गेली. त्यांतील ५२ टक्के माणसांची किमान एक चकती फुगलेली आढळली, आणि सर्व चकत्या निर्दोष असलेली माणसे केवळ ३६ टक्के निघाली. पुढे २०१५ साली अशा अनेक अभ्यासांतील ३,११० निरोगी माणसांची माहिती एकत्र करण्यात आली. तीत विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या होत्या. कंबर दुखणाऱ्यांत असे बदल थोडे अधिक आढळतात, हे मान्य. पण अमुक एका माणसाची कंबर त्या झिजेमुळेच दुखते, असे फिल्म पाहून सांगता येत नाही. केस पिकलेल्या माणसाचे डोके दुखू लागले म्हणून त्याचा दोष कोणी पांढऱ्या केसांना देत नाही. म्हणून वर सांगितलेली धोक्याची लक्षणे नसतील, तर पहिल्याच आठवड्यात फिल्म काढण्याची घाई करू नये. पैसे जातात ते जातातच, शिवाय अहवालातले कठीण शब्द मनात घर करतात. काल ज्याची नुसती कंबर दुखत होती, तो आज स्वतःला मोडक्या कण्याचा माणूस समजू लागतो.

मग दुखते तरी काय? स्नायू, बंध, सांधे, चकती, यांपैकी काहीही दुखू शकते. नेमके कोणते, हे बहुधा बोट ठेवून दाखवता येत नाही. आणि दुखणे लांबले की त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. गावात चोरी झाली की महिनाभर गस्त वाढते. रखवालदार इतका सावध होतो की कौलावर मांजर हलले तरी शिट्टी वाजवतो. चोर केव्हाच पळालेला असतो. शिट्ट्या मात्र थांबत नाहीत. लांबलेल्या कंबरदुखीत मेंदू आणि मज्जातंतू यांची अशीच अवस्था होते. साधे वाकणेही त्यांना चोर वाटते. अपुरी झोप, घरची विवंचना, कामातील असमाधान यांनी ही सावधगिरी वाढते. अमेरिकेतील विमानांच्या एका कारखान्यातील ३,०२० कामगारांवर काही वर्षे लक्ष ठेवण्यात आले. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की, ज्यांना आपले काम जवळजवळ कधीच आवडत नसे, त्यांनी पाठीची तक्रार करण्याचे प्रमाण काम आवडणाऱ्यांच्या अडीचपट होते. यावरून कोणी ‘हे सारे मनाचे खेळ’ असा निष्कर्ष काढू नये. दुखणे शरीराचेच असते; पण शरीर आणि मन ही एकाच घरातली बिऱ्हाडे आहेत, एकीकडचा धूर दुसरीकडे जातो.

आता विश्रांतीकडे वळू. आजारी माणसाने पडून राहावे, ही कल्पना फार जुनी. एडविन स्मिथ पपायरस या नावाने ओळखला जाणारा सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा एक इजिप्शियन वैद्यकलेख आहे. त्यातील शेवटचा रुग्ण पाठीचा मणका लचकलेला आहे. त्याला उताणे निजवावे, असे सांगून लेखकाने पुढचे वाक्य सुरू केले आहे, आणि तेथेच लेख अर्धवट तुटतो! इंग्लंडात जॉन हिल्टन या शल्यवैद्याने विश्रांतीच्या गुणांवर व्याख्याने दिली. ती १८६३ साली ग्रंथरूपाने निघाली आणि पुढच्या पिढ्यांवर त्यांचा मोठा पगडा बसला. १९३४ साली बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या शल्यवैद्यांनी चकती फुटून मज्जातंतू दाबला जातो, हे दाखवून दिले. शोध मोठाच होता. पण त्यानंतर प्रत्येक दुखऱ्या कमरेत फुटलेली चकती दिसू लागली. मग आठवडेच्या आठवडे निजून राहणे, वजने लावून पाय ताणणे, कमरेला पट्टा आवळणे, हे उपचार रूढ झाले.

या रूढीची परीक्षा फार उशिरा झाली. फिनलंडमधील हेलसिंकी शहराच्या नोकरवर्गातील १८६ माणसे, कंबर नुकतीच धरलेली, घेऊन त्यांचे तीन गट पाडण्यात आले. एका गटाला दोन दिवस अंथरुणावर विश्रांती, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम, आणि तिसऱ्याला एवढेच सांगितले की, सोसेल तितके नेहमीचे व्यवहार चालू ठेवा. १९९५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्वांत लवकर बरा झाला तो तिसरा गट; सर्वांत मागे राहिला तो निजणारा. केवळ दोन दिवसांच्या निजण्याने ही तफावत पडली! पडून राहिले की स्नायू दुबळे होतात, सांधे आखडतात, झोपेचे वेळापत्रक बिघडते, आणि छताकडे पाहत पडलेल्या माणसाला विचार करावयास दुसरा विषयच उरत नाही.

आपल्याकडे पाठीत उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून त्याचा पाय लावून घेण्याची चाल आहे. आणि उसण जाते, असा अनुभव लोक सांगतात. त्यांना आम्ही खोटे म्हणत नाही. अशा अचानक धरलेल्या कमरेचे पहिले तीनचार दिवस वाईट असतात, आणि पुढच्या काही आठवड्यांत बहुतेकांना पुष्कळ उतार पडतो. मग तिसऱ्या दिवशी पायाळूचा पाय लागलेला असो, वा एखाद्या महागड्या यंत्राचा शेक, श्रेय त्याच्या पदरात पडते. निसर्ग बिचारा आपले बिल पाठवीत नाही.

आता प्रत्यक्ष काय करावे? कंबर धरल्याच्या पहिल्या दिवशी जी कूस बरी वाटेल ती घ्यावी. पाठीवर निजून गुडघ्यांखाली उशी, किंवा कुशीवर निजून गुडघ्यांमध्ये उशी, याने पुष्कळांना आराम पडतो. पण तासातासाने उठून घरातल्या घरात हिंडावे. शेक घ्यावा, गरम पाण्याची पिशवी असो वा तव्यावर तापवलेल्या रेतीची पुरचुंडी, ऊब महत्त्वाची, कातडी मात्र भाजू देऊ नये. हलक्या हाताने तेल लावून घेण्यासही हरकत नाही. वेदनाशामक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि थोडे दिवस घ्यावी. जठरव्रण, मूत्रपिंडाचे विकार, रक्तदाब असणाऱ्यांनी तर दुकानातून परस्पर गोळ्या आणून खाऊच नयेत. पूर्ण बरे वाटण्याआधीच कामावर जावे. पहिले काही दिवस काम हलके मिळाले तर उत्तम.

फळीवर निजण्याचा उपदेश आपल्याकडे फार ऐकू येतो. २००३ साली स्पेनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ माणसांना दोन तऱ्हेच्या गाद्या देऊन पाहण्यात आले. कडक गादीवाल्यांपेक्षा मध्यम गादीवाल्यांना अधिक आराम पडला. तेव्हा ज्याला सतरंजीवर सुख वाटते त्याने सतरंजीवर निजावे, पण पाठीला शिक्षा म्हणून कोणी फळी घेऊ नये. पट्ट्याचीही तीच कथा. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात कमरेचे पट्टे, वजने लावून ताणणे आणि अफूच्या जातीची वेदनाशामके यांची शिफारस करू नये असे म्हटले आहे. आणि शिफारस केली आहे ती रोग्याला नीट समजावून देण्याची, व्यायामाची आणि मनाला आधार देणाऱ्या उपचारांची.

व्यायाम कोणता, असे प्रत्येक जण विचारतो. अमुक एकच व्यायाम श्रेष्ठ, असे सिद्ध झालेले नाही. आसने, सूर्यनमस्कार, पोहणे, चालणे, यांतील जे आपल्याला आवडते आणि वर्षभर टिकते तेच आपले. सर्वांत स्वस्त चालणे. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच सावरलेल्या ७०१ माणसांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२४ साली आले. एका गटाला हळूहळू वाढवीत आठवड्यातून पाच वेळा, अर्धा अर्धा तास चालण्यापर्यंत नेण्यात आले आणि दुखण्याविषयी समजावण्यात आले. दुसऱ्या गटाला असे काही दिले नाही. कंबर पुन्हा धरेपर्यंतचा मध्यम काळ दुसऱ्या गटात ११२ दिवसांचा आणि चालणाऱ्यांत २०८ दिवसांचा भरला. दुखणे पुन्हा आलेच नाही, असे नव्हे. पण सुखाचे दिवस जवळजवळ दुप्पट झाले, आणि त्यासाठी लागली फक्त वहाण.

जुन्या दुखण्यात एक पथ्य विशेष पाळावे. व्यायाम घड्याळाप्रमाणे करावा, दुखण्याप्रमाणे नव्हे. पुष्कळ बायकांचे असे होते : एक दिवस कंबर बरी वाटते, म्हणून त्या एकाच दुपारी घरातल्या साऱ्या गोधड्या धुऊन काढतात, आणि मग तीन दिवस निजून राहतात. चौथ्या दिवशी पुन्हा तेच. या रहाटगाडग्यातून सुटावयाचे तर दहा मिनिटे चालल्यावर दुखणे वाढते अशा माणसाने सात मिनिटांपासून आरंभ करावा, दुखो न दुखो रोज सातच मिनिटे चालावे, आणि चारसहा दिवसांनी एकेक मिनिट वाढवावे. चांगल्या दिवशी अधिक नाही, वाईट दिवशी कमी नाही. गोधड्याही रोज एक. वाईट दिवस मधूनमधून येणारच. तो आला म्हणजे आत काही नवीन मोडले असे समजू नये.

वाकू नका, उचलू नका, खाली बसू नका, ही तीन ‘नका’ पुष्कळांनी जन्माची बांधून घेतली आहेत. दुखण्याच्या भरात ती चार दिवस पाळली तर ठीक. कायमची पाळली, तर ज्या हालचाली करावयाच्या नाहीत त्या विसरल्याच जातात. जड वस्तू उचलताना ती अंगाशी धरावी, दोन खेपा कराव्यात, सोबत्याला हाक मारावी, हे शहाणपण आहे. पण नातवाला कडेवर न घेणे, जमिनीवर पंगतीला न बसणे, देवापुढे न वाकणे, हे शहाणपण नव्हे. घरच्या मंडळींनीही जपून प्रेम करावे. ‘आई, तुम्ही उठू नका, मी करते’ हे वाक्य आठवडाभर गोड आहे. वर्षभर म्हटले तर त्या आईच्या हातून स्वयंपाकघर आणि अंगातून बळ, दोन्ही जातात. तिला जमेल तेवढे काम तिच्याकडे राहू द्यावे.

येथे एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. आपल्यापैकी पुष्कळांना काम निवडण्याची मुभा आहे. ऊसतोडीला गेलेल्या मजुराला ती नाही. त्याला मोळी हलकी बांध असे सांगणारा कोणी नसतो, आणि एक दिवस बसला तर मजुरी बुडते. अशा माणसाला व्यायामाचा उपदेश पुरेसा नाही. पोते लहान करणे, उचलण्यास साधन देणे, कंबर धरलेल्यास चार दिवस हलके काम देणे, हे काम देणाऱ्यांच्या हातचे उपाय आहेत, आणि या सभेत काम देणारेही बसले आहेत.

शस्त्रक्रियेविषयी दोन शब्द. नुसत्या कंबरदुखीला शस्त्रक्रियेची गरज क्वचितच पडते. पायात उतरणाऱ्या तीव्र कळेचा प्रश्न वेगळा. हॉलंडमध्ये अशा २८३ रुग्णांपैकी काहींवर लवकर शस्त्रक्रिया केली आणि काहींना थांबण्यास सांगितले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे शस्त्रक्रियेने कळ लवकर थांबली. परंतु वर्षाअखेर दोन्ही गट सारखेच बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र मध्यंतरी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. म्हणजे पायातील शक्ती जात नसेल, तर थांबणे हाही प्रामाणिक पर्याय आहे, आणि सोसवत नसेल तर शस्त्रक्रिया करून घेण्यात भित्रेपणा नाही. बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीर आपण होऊन जिरवून टाकते, हे मात्र रोग्याला आधी सांगितले गेले पाहिजे.

शेवटी, अशा व्याख्यानांचा काही उपयोग होतो काय, हा प्रश्न उरतो. त्याचेही उत्तर उपलब्ध आहे. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात दूरचित्रवाणीवरून कंबरदुखीविषयी सार्वजनिक मोहीम सुरू झाली. सांगणे एवढेच : हिंडतेफिरते राहा, निजून राहू नका, कामावर जा. शेजारच्या न्यू साउथ वेल्स राज्यात अशी मोहीम नव्हती, म्हणून तुलना करता आली. व्हिक्टोरियात लोकांची आणि डॉक्टरांचीही समजूत बदलली, आणि पाठीच्या दुखण्यापायी मागितल्या जाणाऱ्या नुकसानभरपाईचे अर्ज कमी झाले. शेजारी तसे घडले नाही. लोकांना खरी माहिती मिळाली, एवढ्यानेच हा फरक पडला.

तेव्हा घरी गेल्यावर आपण हे शेजाऱ्याला सांगावे, हीच आमची बिदागी. ज्यांची कंबर आज दुखत आहे त्यांना आम्ही ती उद्या थांबेल असे वचन देत नाही. परंतु दुखत असतानाही ती कंबर बहुधा मजबूत आहे, आणि तिच्यावर विश्वास टाकून पाऊल उचलण्यास हरकत नाही, हे निश्चयाने सांगतो.